पात्र जोडप्यांच्या वहीत नसलेली बाई

मी जेवताना बोलायला लागले की आमचे हे ताट उचलून ओटीवर जाऊन बसतात. भांडण वगैरे काही नाही. माझ्या बोलण्यात वरणभाताच्या शेजारी गर्भपिशवी कधी येऊन बसेल याचा नेम नसतो, म्हणून ही सावधगिरी. मुली मात्र हात वाळेपर्यंत ऐकत बसतात. धाकटी म्हणते, "आई, ती हौसाबाईची सांग. पण या वेळी ओरडू नकोस."

ओरडल्याशिवाय मला ती सांगता येत नाही. आणि नेमकी तीच लिहायला बसले आहे.

अंकाच्या संपादकांनी पत्रात लिहिलं होतं, दिवाळी आहे, नर्सच्या नोकरीतले चार खुसखुशीत अनुभव द्या. तसे आहेत माझ्याकडे. सुनेला दिलेल्या लोहाच्या गोळ्या 'शक्तीच्या' म्हणून महिनाभर स्वतः खाणारे आणि मग शौचाचा रंग बघून घाबरत माझ्याकडे धावत आलेले आजोबा आहेत. बाळंतपणाच्या वेळी बायकोपेक्षा मोठ्याने ओरडणारा पैलवान आहे. पण लिहायला घेतलं की पेन तिकडे जातच नाही. चाळिशी उलटली की माणूस शांत होतो म्हणतात. माझं वजन वाढलं, शांतपणा काही वाढला नाही.

माझं घर दहिवलीला. नोकरी तेव्हा कर्जत आणि कडावच्या मधल्या एका उपकेंद्रात. पद 'सहायक परिचारिका प्रसाविका'. रंगाऱ्याने पाटीवर 'सहायक परि' एवढं लिहिलं, मग जागा संपली, म्हणून त्याने खाली ढोबळ अक्षरांत 'नर्स' लिहून टाकलं. माझ्याकडे पाच गावं आणि डोंगराकडच्या काही वाड्या होत्या. पावसाळ्यात बांधावरून चालताना मी भाताच्या खाचरात इतक्या वेळा पडले आहे की एक म्हातारा शेतकरी म्हणायचा, "नर्सबाय, आमी रोपं लावतो, तू सोताला लावतेस."

आता या कामातली एक वही समजून घ्यायला हवी, कारण सगळं रामायण तिच्यातून झालं. तिचं नाव पात्र जोडप्यांची नोंदवही. घरोघर फिरायचं आणि जिचं वय पंधरा ते पंचेचाळीसच्या आत आहे आणि नवरा हयात आहे, अशा बाईचं नाव त्या वहीत लिहायचं. पुढे मुलं किती, शेवटचं कधी झालं, ऑपरेशन झालं का, हे रकाने. पात्र कशाला, तर मूल होण्याला. कुमारिका या वहीत नाही. पाळी गेलेली नाही. टाकलेली नाही. विधवा तर नाहीच. नवरा वारला की मी लाल शाईने बाईच्या नावावर रेघ मारायची, आणि सांगायला लाज वाटते, फूटपट्टी लावून नीट मारायची. माझ्या वह्या स्वच्छ असतात म्हणून साहेब लोक कौतुक करत.

आणि या वहीबाहेर बाईकडे कोण बघायचं? मुलगी पहिल्यांदा बाजूला बसली की तिला सांगायचे ते काय शिवू नको एवढंच. गरोदर राहिली की मी जायची, पण माझं लक्ष पोटातल्या मुलाकडे. टाके घालून घरी गेली की तिचं तिने बघावं. कुणाचं अंग बाहेर आलेलं, कुणाला वर्षानुवर्षं पांढरं जातंय. विचारलं तर म्हणायच्या, "त्याला काय, बाईच्या जातीला चालायचंच." मी वीस जणींकडून हे ऐकलं आणि एकविसावीला विचारायचं सोडून दिलं. हा माझा पहिला गुन्हा.

आणीबाणी उठून वर्षदोन वर्षं झाली असतील. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई आमच्या भागात बायकांच्या तपासणीचा कॅम्प घ्यायला येणार असं ठरलं. ही तपासणी अगदी साधी. भात शिजला का बघायला आपण शीत दाबून बघतो ना, तसंच. एका चपट्या लाकडी काडीने गर्भपिशवीच्या तोंडावरचा थोडासा साका घ्यायचा, काचेच्या पट्टीवर पसरायचा, स्पिरिटमध्ये बुडवायचा आणि मुंबईला पाठवायचा. तिथे सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. कॅन्सर होण्याच्या आधीसुद्धा, किंवा अगदी सुरुवातीला, तो तिथे दिसतो. एवढ्या लवकर दिसला तर बाई वाचते. दुखत नाही, वेळ लागत नाही.

पण 'कॅम्प' हा शब्द काढला की गावं ओस पडायची. नसबंदीच्या जीपा लोक विसरले नव्हते. त्यात आणखी एक अडचण. कॅम्पला नाव लिहिताना नवऱ्याचं नाव विचारतात, आणि चारचौघांत ते घेणार कोण? मागे एका कॅम्पला एका बाईने नवऱ्याचं नाव सांगायला जावेला पुढे केलं, जावेने तिसरीला, तेवढ्यात शिपाई खेकसला आणि तिघीही घरी निघून गेल्या.

म्हणून मी अक्कल चालवली. आठवडाभर आधी घरोघर जाऊन, पात्र जोडप्यांच्या वहीतून नावं घेऊन मी चिठ्ठ्या केल्या. चिठ्ठीवर बाईचं पूर्ण नाव, वय, गाव, नंबर. "तिथे कुणी काही विचारणार नाही," मी सांगितलं, "तोंड उघडायचं नाही. नुसती चिठ्ठी द्यायची." डॉक्टरीणबाईंना ही युक्ती इतकी आवडली की माझी मान आठ दिवस ताठ होती.

कॅम्पला बायका आल्या. पदर नाकापर्यंत ओढून, चिठ्ठी मुठीत धरून, एकीमागे एक. मी बाहेर ओसरीवर गर्दी आवरत होते. आत डॉक्टरीणबाई आणि त्यांची मुंबईची नर्स. चिठ्ठी द्यायची, टेबलावर झोपायचं, काचेवर चिठ्ठीचा नंबर कोरायचा, बाई बाहेर. नाव कुणी विचारलं नाही, वय कुणी ताडून पाहिलं नाही. माझाच नियम.

महिनाभराने मुंबईहून निकाल आले. बहुतेक सगळ्या ठीक. एक काच मात्र वाईट. चार नंबरचा निकाल, म्हणजे कॅन्सरचा दाट संशय, ताबडतोब आणा. चिठ्ठीवर नाव सुमनचं. वय अठ्ठावीस.

सुमन म्हणजे बाळारामची बायको. खाऊनपिऊन सुखी भातशेतीवालं घर. घरात सासू, बाळाराम, सुमन, तिची दोन मुलं आणि थोरली विधवा जाऊ हौसाबाई. हौसाबाईला मूल नव्हतं, आणि नवरा जाऊन दहा वर्षं झाली होती. सुमनच्या दोन्ही बाळंतपणांत मी त्या घरात रात्रंदिवस होते. माझ्यासाठी कपबशी वेगळी होती, पडवीच्या वळचणीला खोचलेली. आम्ही छप्पन साली धर्म बदलला, पण वळचणीच्या कपाला ते कुणी कळवलं नव्हतं. सुनेच्या पोटात माझे हात चालत, कपाला माझे ओठ चालत नसत. हौसाबाई तेवढी सासूची पाठ वळली की मला घरातल्या कपात चहा द्यायची.

मी घरी जाऊन बाळारामला बाजूला घेतलं आणि सांगितलं. सुमन चुलीपुढे होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग हौसाबाईकडे पाहिलं आणि खाली मान घातली. ते पाहणं मी बघितलं. अर्थ लावला तो असा, की बिचारी घाबरली.

मग जे झालं त्याला जबाबदार मी. सासू म्हणाली, "असला रोग घरंदाज बाईला व्हतो का गं?" बाळारामने तोंडाने काही विचारलं नाही, पण सुमनचं अंथरूण माजघरातून पडवीत आलं. तरी तो तिला मुंबईला घेऊन गेला, एवढं त्याच्या पदरात टाकायला हवं. मी सोबत होते. तिकडे आतून तपासलं, तुकडा काढून पाहिला. काही नाही. ठणठणीत.

परत आल्यावर आमच्या केंद्राचे डॉक्टरसाहेब हसले. "बाई, तुमच्या चिठ्ठ्या! काच बदलली असणार. त्या घराची माफी मागा आणि विषय संपवा."

मी गेले. पडवीत बसून सासूची, बाळारामची, सुमनची हात जोडून माफी मागितली. सुमन रडायला लागली. तिचं अंथरूण मात्र पडवीतून आत गेलं नाही. हौसाबाईने मला चहा आणून दिला, या वेळी सासूच्या देखत घरातल्या कपात, आणि आत गेली. मी तो चहा प्यायले. गोड होता. आजही घरी कुणी जास्त गोड चहा केला की मी उगाच चिडते. मुलींना वाटतं, मला साखरेचा त्रास आहे.

पंधरा दिवसांनी डॉक्टरीणबाईंचं पत्र आलं. तीनच वाक्यं. 'काच चुकलेली नाही. बाई चुकलेली आहे. शोधा.'

म्हणजे त्या चिठ्ठीवर दुसरी कुणीतरी टेबलावर झोपली होती. ती कुठेतरी भाकऱ्या थापत होती, पाणी भरत होती आणि तिच्या पोटात ते वाढत होतं. मी वही काढली. त्या गावातल्या चिठ्ठ्यांच्या सगळ्या बायका पुन्हा गाठल्या. कुणाची चिठ्ठी कुणाशी बदलली का? दोघींनी कबूल केलं की आपापसात बदलली होती, पण त्यांच्या काचा ठीक होत्या. मी एकेक नावापुढे खूण करत गेले. तीन आठवडे मी वहीतल्या बायका शोधत होते. वहीबाहेर बाई असू शकते हे माझ्या डोक्यात आलं नाही. रोज तांब्याने तिच्या हातचं पाणी पितेय आणि डोक्यात येत नाही! या गोष्टीत मी इथे ओरडते.

होळी चार दिवसांवर आली होती. सुमन धाकट्याला लस टोचायला घेऊन उपकेंद्रात आली. सुई टोचली, पोरगं किंचाळलं, आणि त्या किंचाळण्याच्या आडोशाने ती बोलली.

"नर्सबाय, ती चिठ्ठी माजी, पण मी नव्हते गेले."

"मग कोण गेलं?"

"हौसाबाय. मी दारापाशी गेले आन भ्याले. ती बोल्ली, दे इकडं, मी जाते. तिला लई दिस लाल जातंय, नर्सबाय. पाळी जाऊन चार वरसं झालीत तिची."

"अगं, मग मला सांगायला काय झालं होतं? मुंबईला तुझा तुकडा काढला, तेव्हा तरी!"

"आन हे शेजारी हुबे, त्यांच्या म्होरं सांगू? रांडमुंड बाईला लाल जातंय कळलं का गाव काय बोलंल? पाडून आली बोलतील. तिनं मला पोरांच्या डोस्क्यावर हात ठेवून शपत घातली." मग पोराला खांद्यावर थोपटत ती म्हणाली, "मला वाटलं, माजं काय नाय निघालं का परकरण मिटंल. पण तिचं रगत मिटत नाय. काल पाण्याचा हंडा उतरवताना खाली बसली ती."

दोन महिने ही पोर स्वतःच्या चारित्र्यावर शिंतोडे घेत पडवीत झोपली होती, दुसरीची अब्रू जाऊ नये म्हणून. आणि मी तिची माफी मागून आले होते भलत्याच गोष्टीची.

मी तशीच घरी गेले. हौसाबाई परसात वालाच्या शेंगा सोलत होती. मला पाहताच तिला कळलं.

"बोल्ली ना ती सटवी," ती म्हणाली. रागाने नाही.

"हौसाबाई, मुंबईला चलायचं आहे. उद्याच."

"कशाला? मला कोन हाय? पोर नाय, बाळ नाय. ती पिशवी आजवर कुनाच्या कामाला आली नाय. सडली तर सडू दे."

"कुणाच्या कामाची म्हणजे? पिशवी तुमची आहे. तुम्ही मराल."

ती हसली. "माजी? नर्सबाय, या घरात माजी एक कालवणाची तवली हाय, माहेराहून आणलेली. बाकी माजं म्हनून मला कुनी काय दावलं नाय."

मी तिच्या शेजारी बसून शेंगा सोलायला लागले. निम्मं सूप झाल्यावर तीच म्हणाली, "लई दुखवतात का गं?"

"दुखतं. पण मरण्यापेक्षा कमी."

"तू हाईस का संगती?"

"आहे."

"मंग बाळारामला तूच सांग. माज्यानं नाय व्हनार."

बाळारामला सांगितलं तेव्हा तो पडवीत दोर वळत होता. त्याने हात थांबवले. "वैनीला? वैनीला कसा व्हईल? दादाला जाऊन धा वरसं झाली."

"दादा गेले," मी म्हणाले. "वहिनीचं शरीर इथेच आहे. त्याला रोग होतो. त्यासाठी नवरा लागत नाही."

सासू आतून म्हणाली, "दोन सुना, आन दोघींची पोटं गावात गाजली."

आणि तेव्हा सुमन, जिचा आवाज मी बाळंतपणातसुद्धा कधी मोठा ऐकला नव्हता, ती उंबऱ्यात येऊन उभी राहिली. "दोन म्हैने माज्यावर संशव घेतलात, आता तिच्यावर घ्या! माज्या पोरांना नाळ कापल्यापासून तिनं वाढवलंय. ती मेली तर मी या घरात चूल पेटवनार नाय."

बाळारामने दोर गुंडाळून खुंटीला अडकवला. "सकाळच्याला निघू," एवढंच म्हणाला.

हौसाबाईला स्टेशनपर्यंत चालवत नव्हतं, म्हणून मी केंद्रात जीप मागायला गेले. डॉक्टरसाहेबांच्या टेबलावर मार्चअखेरचा तक्ता. ते म्हणाले, "बाई, जीप नसबंदीच्या केसेस आणायला हवी. तुमच्या भागातून या महिन्यात एकही नाही. आणि पन्नाशीची विधवा... ती कोणत्या कार्यक्रमात बसते?"

"ती बसू शकत नाही, साहेब," मी म्हणाले. "तिला बसलं की रक्त जातं."

ते ओशाळले. माणूस वाईट नव्हता, पण जीप दिली नाही. तक्त्यात तिच्यासाठी रकाना नव्हता, आणि साहेब रकान्याबाहेर जात नसत. मीही इतकी वर्षं कुठे गेले होते? बाळारामने बैलगाडी जुंपली, खाली पेंढा अंथरला. सुमनने त्यावर स्वतःचं लग्नातलं लुगडं घडी करून घातलं.

मुंबईला डॉक्टरीणबाईंनी स्वतः तपासलं. हात धुताना मला म्हणाल्या, "ऑपरेशन होईल, नंतर किरणांचा शेक द्यावा लागेल. निकाल आला तेव्हाच आली असती तर कदाचित शेक लागला नसता. कदाचित. दोन महिन्यांत काय झालं ते मला सांगता येत नाही, आणि काही झालं नाही असंही सांगता येत नाही." त्या मला बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कारकून कागद घेऊन वॉर्डात आला. "नवऱ्याची सही?"

"वारले," मी म्हणाले.

"मग घरचा कुणी पुरुष?"

बाळाराम पुढे झाला. हौसाबाई खाटेवर उठून बसली. "थांब रं," ती म्हणाली. "सायब, पोट माजं ना?"

"हो, पण नियम आहे, बाई."

"ह्येचा शेंबूड मी पुसलाय. लगीन होऊन आले तवा ह्यो उघडा फिरत व्हता. माज्या पोटाचं ह्येला काय इचारता? मला इचारा."

आजूबाजूच्या खाटांवरच्या बायका हसायला लागल्या. बाळाराम कानापर्यंत लाल झाला. कारकून गोंधळला, पण नियम बाजूला ठेवण्याइतका नाही. "बरं, तुमचाही अंगठा घेतो खाली. पण पुरुषाची सही लागेलच." शेवटी कागदावर वर बाळारामची सही आली, पुढे कंसात 'दीर', आणि खाली कोपऱ्यात, जागा उरली होती तिथे, तिचा अंगठा. मी तिथे होते. मी सरकारी नोकर, नियम मला पाठ. गप्प राहिले. पैलवानाला गप्प करणारी मी, कारकुनापुढे गप्प राहिले.

ऑपरेशन झालं. मग शेक झाले. डोक्यावर पदर घेऊन त्या यंत्राखाली झोपताना तिला भीती वाटायची, म्हणून ती आतल्या आत भात लावणीची गाणी म्हणायची. यंत्र चालवणारा मुलगा म्हणाला, हलू नका आजी. ती म्हणाली, "हलत नाय, लावतेय." महिन्याभराने घरी आली तेव्हा अंगावर मांस नव्हतं. गावाने जे बोलायचं ते बोललंच, काही दिवस. मग कुणाची तरी म्हैस चोरीला गेली आणि गावाला दुसरा विषय मिळाला.

चिठ्ठ्यांची युक्ती मी बंद केली. पुढच्या कॅम्पला दारात मी उभी राहिले आणि प्रत्येकीला एकटीला, कानाशी लागून नाव विचारलं. विधवांना, पाळी गेलेल्यांना, टाकलेल्यांना मी घरोघर जाऊन बोलावलं. त्यांची नावं लिहायला सरकारी वही नव्हती, म्हणून मुलीची गणिताची जुनी वही घेतली. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "हे कोणत्या योजनेखाली?" मी म्हणाले, "कोणत्याच नाही." त्यांनी ती वही बाजूला ठेवली, सही न करता. त्यांच्यावर ओरडायचं राहून गेलं, म्हणून इथे ओरडते आहे. या देशात बाई नेमकी किती वर्षं मोजायची असते? मूल होतं तेवढीच? मग उरलेल्या वर्षांत ती जगते, कष्टते, आपल्या नातवंडांना आणि दुसऱ्यांच्या लेकरांना वाढवते, ते सगळं काय भुताने केलेलं?

हौसाबाई अजून आहे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, वर्षाला एकदा येऊन दाखवायचं. पहिली दोन वर्षं मी गेले तिच्याबरोबर. तिसऱ्या वर्षी माझी बदली होणार होती. मी बाळारामला तारीख लिहून देत होते, तर हिने कागद माझ्या हातातून काढून चोळीत खोचला. "त्येला कशाला? मला वाचता नाय येत, पर गाडी कळते."

गेल्या वर्षी मी तिला सहज म्हणून भेटायला गेले. नुकतीच मुंबईहून आली होती. "काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"बरी हाय बोल्ल्या. तो कारकून मेला अजून थितंच हाय. कागद घेऊन आला, बोल्ला, आजी, संगती कोन हाय?"

"मग?"

"मी त्येला बोल्ले, मी हाय की."